नेमीचंदकाका आणि टकाचोर

आमच्या घरमालकांना, म्हणजे नेमीचंदकाकांना, अंड्याचा वास येतो. तसा तो सगळ्यांनाच येतो, पण काकांना तो अंडं फोडायच्या आधी येतो. दुकानदार अंडी कागदात गुंडाळायला घेतो तेव्हाच इकडे जळगावातल्या आमच्या कॉलनीत काकांच्या नाकपुड्या हलतात, अशी माझी खात्री आहे. गंमत म्हणजे एवढा जन्मभराचा वैरी, पण त्याचं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. अंड्याला ते 'ती वस्तू' म्हणत.

त्या वस्तूचा विषय पहिल्यांदा निघाला तो आम्ही घर बघायला गेलो त्या दिवशी. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको मंगल. दोघंही साक्रीकडचे. मला नशिराबादच्या शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली म्हणून बाडबिस्तरा घेऊन जळगावात आलो होतो. काका एकटेच खाली राहायचे आणि वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या. मी नोकरीचे कागद वगैरे घेऊन गेलो होतो. त्यांच्याकडे काकांनी बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातातला जेवणाचा डबा मात्र मागून घेतला, झाकण काढलं, बोटाच्या पेरानं बाहेरून दोनदा ठोकला आणि कानाशी धरला.

"बूड पातळ आहे," ते म्हणाले. "घेताना वाजवून घ्यायचं की, मास्तर."

काकांचा उभा जन्म भांड्यांच्या दुकानात गेला. पणजोबा राजस्थानातून आले ते तांब्याचे हंडे विकायला, आणि तेव्हापासून घरात भांड्याशिवाय दुसरा विषय नाही. आता दुकान पुतण्या बघतो, पण काकांची बोटं निवृत्त झालेली नाहीत. दिसेल ते ते वाजवून बघतात. टरबूज, दाराची चौकट, गॅसचं सिलिंडर, माझं हेल्मेट. एकदा हेल्मेट माझ्या डोक्यावर असतानाच वाजवलं होतं आणि "पोकळ नाही" असा निर्वाळा दिला होता. तो हेल्मेटबद्दल होता की आतल्याबद्दल, हे मी विचारलं नाही.

तर त्या दिवशी डबा परत देऊन ते म्हणाले, "माणसं बरी वाटता. एकच सांगतो. आपल्याकडे ती वस्तू चालत नाही."

"कोणती वस्तू?" मंगलनं विचारलं.

काकांनी हवेत बोटानं एक लहानसा गोल काढला आणि तळहातानं तो लगेच पुसून टाकला.

"लाडू?" मंगल म्हणाली.

मी तिला जिन्यात समजावून सांगितलं.

निघताना काका म्हणाले होते, "वर आधी माझा मुलगा राहायचा, राकेश. आता धुळ्याला असतो. मिक्सर-फ्रिजचं दुकान टाकलंय. सून आहे, नात आहे. सवड होत नाही त्यांना. पुढच्या महिन्यात येणार आहेत सगळे." हा पुढचा महिना काही केल्या चालू महिना होत नाही, हे आम्हाला तिथं राहायला लागल्यावर कळलं. धुळं काही विलायतेत नाही. सकाळी बसमध्ये बसलं तर दहाच्या चहाला माणूस तिथं असतो. तरी कुणी येत नव्हतं आणि काकाही कधी जात नव्हते.

त्या घरात प्रत्येक भांड्यावर नाव होतं. दुकानात भांड्यावर नाव घालून द्यायचं काम आता यंत्र करतं, पण काकांनी आपली जुनी छिन्नी आणि छोटी हातोडी घरी आणून ठेवली होती. टिंबाटिंबांनी अक्षर काढायचे. आमच्या न्हाणीघरातल्या तांब्यावर त्यांच्या वारलेल्या बायकोचं नाव होतं, बादलीवर राकेशचं. एकदा फडताळ झाडताना मंगलला मागे पडलेली एक चिमुकली वाटी सापडली. तिच्यावर 'चि. पलक' असं लिहिलेलं होतं. ती तिनं खाली नेऊन दिली. काकांनी वाटी वाजवली, कानाशी धरली ती बराच वेळ धरून ठेवली, आणि मग आत घेऊन गेले.

आता आमचं सांगतो. आम्ही काकांची अट मान्य केली होती ती तोंडानं. पोटानं नाही. रविवार आणि ऑम्लेट यांची माझ्या मनात लहानपणापासून गाठ बसलेली आहे, ती एका घरमालकासाठी कशी सोडणार? तेव्हा अंडी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पिठाच्या डब्यात लपवली जायची. रविवारी सकाळी मंगल आधी कुकर लावायची, त्याच्या शिट्ट्या सुरू झाल्या की दुसऱ्या गॅसवर कढईत हिंगाची फोडणी जाळायची, आणि त्या धुराच्या आडून तिसरीकडे आमचं काम उरकायचं. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी यायचं. ऑम्लेटची चव हिंगाची लागायची. टरफलं माझ्या डब्याच्या खालच्या कप्प्यातून सोमवारी नशिराबादला रवाना व्हायची आणि हायवेपलीकडे विसर्जित व्हायची. एकदा कप्पे खालीवर झाले. मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षकांसमोर मी डबा उघडला तर वर टरफलं. "डाएट आहे," मी म्हणालो. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी मला आपली अर्धी भाकरी दिली.

काका जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेले असायचे.

"मास्तर, आज हिंग फार लागला वाटतं."

"हो काका. गॅसेसचा त्रास आहे जरा."

"दर रविवारी होतो?"

"शनिवारी जागरण होतं ना," मी काहीतरी सांगायचो. काका मान डोलवायचे आणि जिन्याचा लोखंडी कठडा दोनदा वाजवायचे. मला वाटायचं, बिचाऱ्याला काही कळत नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, उन्हं तापायला लागली त्या सुमाराला, फाटकावरच्या मधुमालतीच्या वेलात बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. काकांनी ते वाटीएवढं घरटं स्टुलावर चढून पाहिलं आणि खाली उतरून थेट आमच्या जिन्याशी आले. चेहरा गोंधळलेला.

"मास्तर, आपल्या वेलावर ती... दोन आहेत."

"काय दोन आहेत?"

त्यांनी हवेत गोल काढला. या वेळी मात्र तो पुसला नाही. तसाच राहू दिला.

मला वाटलं होतं, आता धर्मसंकट उभं राहणार. पण काकांनी स्वतःच त्यातून वाट काढली. "ती खायची असली तर ती वस्तू," ते म्हणाले. "इथं बाळंतपण आहे." आणि मग बाळंतिणीच्या घराला शोभेल असा कारभार सुरू झाला. फाटकाची कडी तेल घालून मुकी केली. दूधवाल्यानं ओरडायचं नाही. मी स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत न्यायची आणि तिथं सुरू करायची. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस काकांनी वेलाखालून ओणवा करून आत घेतला आणि ओणवाच बाहेर सोडला. घरकामाला येणाऱ्या सुमनअक्कांना मागच्या दारानं यायचा हुकूम निघाला. अक्का वर आमच्याकडेही भांडी घासायच्या. मंगलला म्हणाल्या, "त्या पाखरूनं बायतपन शे, आनि वनवास माले."

पण एका सकाळी खालून काकांचा आवाज आला, "चोर, मास्तर, चोर." मी हातात लाटणं घेऊन धावलो. काका अंगणात उभे होते आणि त्यांचं बोट वर तारेकडे होतं. तारेवर एक पक्षी चोच पुसत बसला होता. तांबूस तपकिरी अंग, काळं डोकं आणि हातभर लांब शेपटी. वेलाखाली टरफलाचे दोन गुलाबी तुकडे पडले होते.

"खाल्ली," काका म्हणाले. "दोन्ही खाल्ली. माझ्या देखत, माझ्या दारात बसून ती वस्तू खाल्ली त्यानं."

मी त्या पाखराला ओळखत होतो. आमच्या साक्रीकडच्या डोंगरात पुष्कळ. टकाचोर त्याचं नाव, कावळ्याच्या भाऊबंदातला. फळं खातो, किडे खातो, पाल मिळाली तर पाल खातो, पण दुसऱ्याच्या घरट्यातलं अंडं म्हटलं की त्याचा जीव राहत नाही. हे सगळं मी काकांना सांगितलं.

"टका चोरला असता तर मी बोललो नसतो," काका म्हणाले. "धंद्यात होतं तसं. पण हे? भाडेकरूनं असं केलं असतं तर मी सामान बाहेर काढलं असतं."

मी लाटणं पाठीमागे धरलं आणि चपलेकडे बघत राहिलो.

तेवढ्यात टकाचोर बोलला. हे पाखरू एरवी खरखर करतं, पण लहर लागली की असा काही गोड, घुमणारा स्वर काढतं की ऐकत राहावं. काका थांबले. मान तिरकी केली. जन्मभर ज्या कानावर धंदा केला तो कान त्यांनी तारेकडे लावला.

"कासं आहे," ते हळूच म्हणाले. "मास्तर, अस्सल काशाचा आवाज आहे. कुठं चीर नाही, भेसळ नाही." आणि मग फार दुःखी चेहऱ्यानं, "असा आवाज, आणि हे धंदे?"

वाजवून घेतलेली वस्तू खोटी निघायचा त्यांच्या आयुष्यातला हा बहुधा दुसरा प्रसंग होता. पहिला कोणता, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

बुलबुल फार मानी नसतात. काही दिवसांनी त्यांनी त्याच वेलात, जरा आत, पुन्हा घरटं केलं आणि पुन्हा दोन अंडी घातली. या खेपेला काका सज्ज होते. आधी त्यांनी वेलाला चमचे, झारे आणि नव्या कोऱ्या ताटल्या टांगल्या. चमकलं की पाखरू भितं म्हणे. टकाचोर आला, एका ताटलीसमोर बसला, आरशात बघून भांग पाडणाऱ्या माणसासारखा डावीकडून उजवीकडून स्वतःला बघून घेतलं आणि खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला.

मग काकांनी त्याला शाकाहारी करायचं ठरवलं.

"पोट भरलं तर चोरी कोण करेल?" हा त्यांचा सिद्धांत. कुंपणाच्या भिंतीवर रोज सकाळी ताटली लागू लागली. पपईची फोड, भिजवलेले चणे, केळं, आणि शेव. शेवेशिवाय ताट ही कल्पना खान्देशातल्या माणसाला सहन होत नाही. काका समोर खुर्ची टाकून बसायचे आणि टकाचोराला समजावून सांगायचे. "घे. पपई घे. गोड आहे. त्या वस्तूत काय आहे? काही नाही. मी खाल्ली का कधी? बघ, या वयाला दात सगळे शाबूत आहेत." टकाचोर पपई खायचा, केळं खायचा, शेव मात्र चोचीनं बाजूला लोटायचा. ते काकांना लागायचं. दुसऱ्या दिवशी शेवेचं दुकान बदलायचे.

सुमनअक्का हे सगळं बघून धुमसत होत्या. "काका त्या चोट्टाले जेवाले घालतस," त्या म्हणाल्या, "आनि माले च्या बी इचारतस नही." काकांनी ते ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून अक्कांना चहा मिळू लागला. टकाचोरामुळे झालेली ही एक चांगली गोष्ट.

पण धर्मांतर काही होईना. पपई खाऊन झाली की तो शेपटी सावरत वेलाकडे सरकायचा, आणि काकांच्या कपाळाची शीर उडायला लागायची. दगड मारणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. चिखलात पडलेल्या मुंगीला कागदावर घेऊन कोरड्यात सोडणारा हा माणूस. शेवटी एका पहाटे त्यांनी आतून जुनी काशाची थाळी काढली, लाटणं घेतलं, आणि टकाचोर वेलावर टेकताक्षणी थाळी बडवायला सुरुवात केली. मी अंथरुणातून उडालो. बुलबुल टकाचोराच्या दुप्पट लांब पळाले. तीन गल्ल्या जाग्या झाल्या.

काकांना यात भलतंच यश वाटलं. चार दिवस रोज सकाळी थाळी वाजली. पाचव्या दिवशी मागच्या गल्लीतल्या भंवरीबाई, काकांच्याच नात्यातल्या, डोक्यावर पदर घेऊन पेढ्याचा पुडा घेऊन दारात हजर झाल्या. चेहरा फुललेला.

"बधाई हो, काकासा. एकदा वाजली तेव्हा वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण रोज वाजतेय म्हटल्यावर राहवलं नाही. राकेशला मुलगा झाला ना?"

मारवाडी घरांमध्ये मुलगा झाला की काशाची थाळी वाजवतात, हे मला तेव्हा कळलं. काका थाळी हातात धरून उभे होते. लाटणं त्यांनी हळूच मागे नेलं, मी टकाचोराच्या दिवशी नेलं होतं तसंच.

"नाही," ते म्हणाले. "पक्षी हाकलत होतो."

"पक्षी?"

"हो."

भंवरीबाईंना पुडा परत न्यावा की ठेवावा ते कळेना. काकांनीच तो हातात घेतला. "असू दे. पेढे राहू दे. पुढच्या महिन्यात येणारच आहेत सगळे." मग ते आत गेले. थाळी त्यांनी फडताळात सगळ्यांत वर, हात पोहोचणार नाही अशी ठेवली, आणि त्या दिवशी भिंतीवर पपईसुद्धा लागली नाही.

दुपारी सुमनअक्का आमच्याकडे भांडी घासता घासता मंगलला म्हणाल्या, "पेढा खावासा वाटना नही त्या म्हताराले. कसा वाटी?" आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. काकांच्या घरात त्या फार वर्षं आहेत.

"ती पोर, पलक, लई बारीक व्हती. डाक्टरनी सांगं, रोज एक अंडं खवाडा. सून गच्चीवर चोरीछुपे उकाडे. टरफलं गुलाबनी कुंडीमा दपाडी दे. एक दिन काका कुंडीनी माती उकरत व्हतात, हातमा टरफल उनं. मंग काय. काका बोलनात, ह्या घरमा एक ते ती वस्तू ऱ्हाई, नही ते मी. पोऱ्या बी तेस्नाच. दुसऱ्या दिन सामान भरं आनि धुयाले चालना गया. बठ्ठं ह्या डोयाम्होरे व्हयेल शे."

"काका नंतर बोलले नाहीत त्यांच्याशी?" मी विचारलं.

"फोन लावतस. तिकडथीन 'हालो' ऐकतस आनि ठी देतस."

मंगलनं पदराला हात पुसले. आमच्यात वाद नको असला की ती घरची बोली बोलते. "काका चुकनात," ती म्हणाली, "पन सोताले सजा दी ऱ्हायनात." ती ज्या ओट्याला टेकून बोलत होती तो राकेशच्या बायकोचा ओटा होता, आणि आमच्या गच्चीवर एक गुलाबाची रिकामी कुंडी अजून होती. त्या रविवारी आम्ही पिठलं केलं.

त्यानंतर आठवडाभरात ते घडलं. मंगलनं गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातल्या होत्या आणि मला राखणीला बसवलं होतं. जळगावचं वैशाखातलं ऊन. डोक्यावर ओला टॉवेल आणि छत्री. काका जिना चढून वर आले. थाळी गेल्यापासून ते टकाचोराशी बोलत नव्हते, पण अंडी डोक्यातून गेली नव्हती. वरून वेल नीट दिसतो, म्हणाले, आणि कठड्याशी उभे राहिले.

टकाचोर आला. घाई नाही, गडबड नाही. वेलात शिरला आणि बाहेर आला तेव्हा चोचीत एक अंडं होतं, न फुटलेलं. काका ओरडले नाहीत. ते कठड्याच्या कडेकडेनं त्याच्याबरोबर चालू लागले, बिबड्यांवरून, मंगलच्या बिबड्यांवरून, थेट मागच्या कठड्यापर्यंत. मागच्या मोकळ्या प्लॉटवर एक उंच कडुनिंब आहे. टकाचोर त्याच्या शेंड्याकडे गेला. आमच्या गच्चीवरून तो शेंडा बरोबर समोर येतो, आणि त्यात काटक्यांचं एक घरटं होतं, ते आम्ही इतके दिवस पाहिलंच नव्हतं.

"मास्तर, तुमचे डोळे बरे आहेत. काय करतोय तो?"

"अंडं फोडतोय, काका."

"खातोय?"

मी छत्री बाजूला ठेवली आणि डोळ्यांवर हात धरला. घरट्यातून लाल उघड्या चोची वर आल्या होत्या. टकाचोर एकेका चोचीत काहीतरी घालत होता.

"नाही. पिल्लांना भरवतोय."

"नीट बघा. आधी पिल्लांना, मग स्वतः?"

"स्वतःला काही नाही उरलं, काका. सगळं त्यांनाच दिलं. आता चोच पुसतोय."

काकांनी आणखी एकदा विचारलं आणि मी आणखी एकदा तेच सांगितलं. मग ते पाण्याच्या टाकीच्या सावलीत खाली बसले. बोटं सवयीनं टाकीवर गेली, दोनदा वाजवली, पण ऐकलं नाही त्यांनी.

"म्हणजे हा खात नव्हता," ते म्हणाले. "नेत होता."

मी डोक्यावरचा ओला टॉवेल त्यांच्या हातात दिला.

"पिल्लू बारीक असेल," काका म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "आवाजाला मी चुकलो नव्हतो, मास्तर. कासंच होतं ते." पहिल्यांदा वाजवून घेतलेली आणि खोटी ठरवलेली वस्तू म्हणजे त्यांची सून, हे मला तिथं, त्या उन्हात कळलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं. बिबड्यांवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटले होते. मंगलला त्या मी तुडवल्या असं सांगितलं आणि बोलणी खाल्ली.

घरट्यात एक अंडं उरलं होतं. त्या संध्याकाळी काकांनी भांडी निथळत ठेवायची जुनी तारेची जाळी वेलात अशी बसवली की बुलबुल आत जाईल, पण टकाचोराचं अंग आणि ती शेपटी काही शिरणार नाही. दहा मिनिटांचं काम.

"हे आधी का नाही केलंत?" मी विचारलं.

"आधी मला त्याला सुधारायचं होतं," काका म्हणाले.

भिंतीवरची ताटली पुन्हा सुरू झाली. आता पपई दुप्पट असायची आणि भाषण नसायचं. वेलातून एक गुबगुबीत पिल्लू उडून गेलं, निंबातून तीन गेली. तीनही आमच्या तारेवर ओळीनं बसली आणि शेव खायला लागली. नवी पिढी, काका म्हणाले, शेव खाते.

मग एक रविवार आला. पिठल्याचं सुतक फिटून आमचं जुनं सुरू झालं होतं. कुकर शिट्ट्या देत होता, हिंग जळत होता, तवा तापला होता, मंगलच्या हातात दोन अंडी होती, आणि दार वाजलं. बोटाच्या पेरानं, दोनदा. तो ठोका अख्खी कॉलनी ओळखते. मंगलनं अंडी पदरात घेतली. मी दार उघडलं.

काका दारात उभे होते. इतक्या दिवसांत ते आमच्या उंबऱ्यापर्यंत कधी आले नव्हते. हातात दांड्याचं, झाकणाचं एक लहान पातेलं होतं, कोरं करकरीत.

"वाजवून बघा," ते म्हणाले.

मी वाजवलं. छान वाजलं.

"बूड जाड आहे. करपत नाही." त्यांनी ते फिरवलं. दांड्याजवळ टिंबाटिंबांनी लिहिलं होतं, 'चि. पलक'. ताजी अक्षरं. "राकेशला फोन केला होता. या वेळी ठेवला नाही. शाळेला सुट्टी लागली आहे. शनिवारी येताहेत."

"अरे वा," मी म्हणालो.

"हे तुमच्याकडे असू द्या. खालच्या स्वयंपाकघरात मला नाही जमायचं. या जन्मात नाही. सूनबाई गच्चीवर उन्हात कुठं जाईल? तुमच्याकडे नाहीतरी होतंच. तर पोरगी आहे तोवर रोज सकाळी एक जास्तीचं..."

ते थांबले. त्यांचं बोट वर आलं, हवेत गोल काढायला. मंगल माझ्यामागे येऊन उभी राहिली होती, पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग पदराकडे पाहिलं, आणि बोट खाली घेतलं.

"अंडं," ते म्हणाले.

कुकरची शिट्टी झाली. काका दोन पायऱ्या उतरले आणि कठडा धरून पुन्हा वळले.

"आणि मंगलबेटा, तो हिंग आता बंद कर. पोरीला ठसका लागतो."